घरतपासणीचा नवा धंदा : आधी लिखापढी, मग टॉर्च

गवंडी, प्लंबर, वायरमन, रंगारी यांची आपल्या समाजात कमतरता नाही. भिंतीवर हात फिरवून ओल कुठून येते ते सांगणारे उस्ताद मोहल्ल्यामोहल्ल्यात आहेत. आजवर या पारखीचे वेगळे पैसे त्यांना क्वचितच मिळाले. आता मात्र मुंबई-पुण्याकडे नव्या फ्लॅटचा ताबा घेण्यापूर्वी तो जाणकाराकडून तपासून घेण्याची पद्धत रूढ होत आहे. टॉर्च, पाणसळ, ओळंबा, टेस्टर आणि ओल मोजण्याचे यंत्र एवढ्या सामानावर हा धंदा सुरू होतो. भांडवल कमी, पण जोखीम वेगळी आहे.

गवंड्याचे पैसे थकले तर तो काम थांबवू शकतो. घरतपासणीत माल म्हणजे एक अहवाल. तो गिऱ्हाइकाच्या हाती पडला की त्याची गरज संपली आणि तुमचे हात रिकामे झाले. म्हणून आम्ही कारागीर बांधवांना एकच नियम सांगतो : पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय अहवाल देऊ नये, आणि ही अट कामाआधी लिहून घ्यावी.

समजा, एका फ्लॅटचे ६,००० रुपये ठरले. २,००० करारावर सही होताना घ्यावेत आणि ४,००० तपासणीच्या दिवशी. घराला कुलूप निघाले किंवा वीज-पाणी सुरू नसले तर फुकट गेलेल्या फेरीचे किती, तेही आधीच लिहावे. बिल्डरने एकदम २० फ्लॅट दिले तर दर ५ फ्लॅटांचे बिल वेगळे करावे. मागचे बिल मिळाल्यावर पुढचे काम हाती घ्यावे.

उधारी द्यावीच लागली तर उद्यम नोंदणी काम घेण्यापूर्वी करून ठेवावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार लहान उद्योगाचे पैसे देण्याची मुदत करारानेही ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. थकलेल्या रकमेसाठी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. उशिरासाठी हा कायदा चक्रवाढ व्याज सांगतो. आपल्यातील अनेकांना व्याज घेणे मंजूर नाही. त्यांच्यासाठी तर आगाऊ रक्कम हाच खरा बंदोबस्त आहे.

तोंडी करार आपल्या कायद्यात बेकायदा नाही. १८७२ चा करार कायदा प्रत्येक करार लेखी असावा असे म्हणत नाही. पण तोंडी बोलणे सिद्ध कसे करणार? मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच. ओळखीच्या गिऱ्हाइकापुढे कागद ठेवायला संकोच वाटतो, पण ओळखीतला तंटा अधिक कडू असतो.

पैशांइतकीच महत्त्वाची दुसरी बाब म्हणजे जबाबदारीची हद्द. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणला, तर तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. या भांडणात तुमचा अहवाल पुढे येणार. म्हणून काय पाहिले आणि काय पाहिले नाही, दोन्ही लिहावे. भिंतीच्या पोटातील पाइप, फॉल्स सीलिंगवरची वायरिंग, फर्निचरमागची भिंत उघडून पाहिली नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. फोटो काढून तारीख टाकावी. इमारतीच्या मजबुतीचा दाखला देणे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरचे काम आहे. त्यावर आपण सही करू नये.

मात्र ‘आमची काहीच जबाबदारी नाही’ असे एक वाक्य छापले म्हणजे सुटलो, असे समजू नये. डोळ्यांसमोरची गळती निष्काळजीपणे सुटली तर गिऱ्हाईक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करू शकते.

तिसरे कलम नियतीचे. ज्या घरात दोष दाखवला, त्याच घराच्या दुरुस्तीचे काम घेणार नाही आणि बिल्डर वा दुकानदाराकडून दलाली घेणार नाही, हे करारात लिहून द्यावे. दुरुस्तीतही कमाई आहे हे आम्ही जाणतो. पण एकाच हाताने रोग सांगितला आणि औषधही विकले, तर अहवालावर कोण भरवसा ठेवील? या धंद्यात विकायला भरवशाखेरीज दुसरे काही नाही.

तेव्हा दोन पानांचा मराठी नमुना तयार करून एकदा वकिलाच्या नजरेखालून घालावा. रक्कम, तारीख, तपासणीची यादी, हद्द आणि दोघांच्या सह्या एवढे त्यात असले पाहिजे. एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी, एक आपल्या फाइलला लावावी. मगच टॉर्च पेटवावी.