तीन आकड्यांआड दडलेला भाव

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव हे कांद्याच्या बाजारपेठेमुळे देशभर ओळखले जाते. तेथील लिलाव आटोपले की दिवसभराच्या व्यवहारांचे सार तीन आकड्यांत सांगितले जाते : किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव. चाळीतला उन्हाळ कांदा बाहेर काढावा की आणखी राखावा, याचा निर्णय शेतकरी याच आकड्यांवर घेतो. परंतु शेकडो वाहनांच्या सौद्यांचे खरे चित्र त्यांत उमटते काय?

एक कल्पित उदाहरण पाहावे. समजा, १०० वाहनांचा लिलाव झाला. किमान भाव क्विंटलला ६०० रुपये व कमाल २१०० रुपये निघाला. ऐकणारा मनाशी १३५० रुपयांचा हिशेब धरतो. आता हेच सौदे तीनशे-तीनशे रुपयांच्या वर्गांत मांडले. ६०० ते ९०० या वर्गात १२ वाहने, ९०० ते १२०० मध्ये ४६, १२०० ते १५०० मध्ये ३०, १५०० ते १८०० मध्ये १० आणि त्यापुढील वर्गात अवघी २. म्हणजे १०० पैकी ५८ वाहनांना १२०० रुपयांचा भावही मिळाला नाही! ज्या भावाची गावोगाव चर्चा होते, तो दोघांच्याच पदरी पडला.

शाळेत शिकविली जाते ती वर्गीकृत वारंवारता सारणी हीच. तिच्यावरून आयतालेख काढला की बाजार कोठे दाटला आणि कोठे विरळ झाला, हे निरक्षरालाही दिसते. या उदाहरणात मध्य सुमारे ११८२ रुपये येतो, तर बहुलक ९०० ते १२०० या वर्गात पडतो. केंद्र सरकारची ‘ॲगमार्कनेट’ ही माहितीसेवा किमान व कमाल भावांबरोबर बहुलक भाव देते. त्याला सरासरी समजणे ही चूक होय.

अर्थात, आलेखही फसवू शकतो. वर्ग फार रुंद घेतले तर भेद पुसले जातात. उभा अक्ष शून्यापासून न काढल्यास टेकडीचा डोंगर होतो. गोल्टी आणि निवडक मोठा कांदा एकाच सारणीत घातला, तर दोन वेगळ्या बाजारांची सरमिसळ होते. वाहनांऐवजी क्विंटल मोजणे अधिक न्याय्य.

हा केवळ गणिताचा प्रश्न नव्हे. फेब्रुवारी व मार्च २०२३ मध्ये विकलेल्या लाल कांद्यासाठी राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिले. मर्यादा शेतकऱ्यामागे २०० क्विंटलची होती. मातीमोल भावाने माल दिलेला आणि त्यातल्या त्यात बरा भाव मिळालेला, दोघांना दर एकच. सौद्यांची विभागणी पुढे मांडली असती, तर अधिक गरज कोणाची, याचा विचार तरी करता आला असता.

प्रत्येक सौद्याची नोंद होतच असते. तिच्यातून पाच ओळींची सारणी रोज फलकावर लावणे अवघड नाही. परिसरातील शिक्षकांनी सांख्यिकीचा पाठ याच आकड्यांवर घेतला, तर विद्यार्थ्यांना आलेख कळेल आणि त्यांच्या घरच्यांना बाजार. सरासरी सर्वांची म्हणून सांगितली जाते. पदरात पडतो तो मात्र ज्याचा त्याचा भाव.