मारांडीचे फूल

पेणचे नाव काढले की गणपतीच्या मूर्ती आठवतात. रोह्याचे नाव काढले की कुंडलिका नदी आठवते. पण या दोन्ही तालुक्यांच्या खाड्यांत एक फूल आहे, ते पाहायला कुणी मुद्दाम येत नाही. कारण त्यासाठी चिखलात उतरावे लागते. ते फूल मारांडीचे.

तुम्ही खारेपाटातले असाल तर ते पाहिलेच असेल. वाशी, शिर्की, गडब या बाजूला बांधावरून चालत जा. एका अंगाला भाताची शेते, दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीच्या काठी तिवर, चिपी, कांदळ ही झाडे. त्यांच्या पायाशी कमरेएवढी काटेरी झुडपे दिसतात, तीच मारांडी. कुणी तिला निवगूरही म्हणतात. पान जाड, चकचकीत आणि कडेला काटे. चिंबोऱ्या धरणाऱ्या बाईला मारांडी कशी असते ते विचारा. ती आधी पायाला बोचलेले काटे सांगेल, फुलाची गोष्ट मागाहून!

फूल मात्र देखणे. रंग निळा-जांभळा. त्याला खालची एकच रुंद पाकळी असते, वरची नाहीच. उन्हाळ्यात झुडपे फुलली की मोठे काळे भुंगे मधासाठी येतात. भुंगा आत शिरतो, त्याच्या अंगाला पराग लागतात, ते तो दुसऱ्या फुलावर नेतो. मग हिरवी बोंडे धरतात. बोंड वाळले की फट्‌कन फुटते आणि बी चार हात लांब उडते.

आता कुणी म्हणेल, शेतात खारे पाणी आले की भात मरतो, मग ही कशी जगते? त्याचे उत्तर तिच्या पानात आहे. मुळांतून आलेले जास्तीचे मीठ ती पानांवाटे बाहेर टाकते. उन्हाच्या वेळी पान नीट पाहा. वर पांढरी बारीक पूड दिसेल. जिभेला लावून बघा, खारट लागेल.

थंडीच्या मुलुखातही दलदलीची फुले असतात. युरोपात बर्फ वितळले की ओल्या जागी एक पिवळे फूल लवकर उमलते आणि भुकेल्या किड्यामाश्यांना पहिले अन्न देते. आपल्या मारांडीचे काम त्याहून अवघड आहे, कारण तिला भरती-ओहोटीत उभे राहावे लागते.

अंबा नदी नागोठण्यावरून येते आणि धरमतरच्या खाडीला मिळते. रोह्याखालची कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीला जाते. नद्या गाळ आणतात. मारांडीच्या दाट बुंध्यांत पाण्याचा जोर मोडतो आणि गाळ खाली बसतो. त्या गाळात निवट्या आणि चिंबोऱ्या बिळे करतात. कोळंबी आणि जिताड्याची पिल्ले तिवरांच्या आडोशाला वाढतात. म्हणजे आपल्या ताटातले कालवण इथूनच सुरू होते.

आणि बांध? अमावास्या-पुनवेच्या उधाणात लाट आधी तिवरांवर आपटते, मग बांधावर. सरपणासाठी तिवरे तोडली की लाट थेट बांधाला लागते. एकदा का बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते. मग मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. रता भात थोडा खार सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

इथे शेतकऱ्याचे एक खरे दुखणे आहे, ते लपवून चालणार नाही. खांड वेळेवर बुजली नाही की शेतातच मारांडी आणि तिवरे रुजतात. पाच-सात वर्षांत शेताचे रान होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर ही खारफुटी तोडायला बंदी केली. बंदी योग्यच आहे, नाहीतर खाडीकाठ केव्हाच उघडा पडला असता. पण ज्याची सात-बाऱ्यावरची जमीन रानात गेली, तो म्हणतो, ‘‘बांध फुटला यात माझा काय दोष?’’ त्याचेही खोटे नाही. रान वाढल्यावर कोयता चालवणे गुन्हा ठरतो, म्हणून करायचे ते आधीच केले पाहिजे.

पूर्वी गावकरी मिळून बांध राखीत. १९४८ साली खारजमिनीचा कायदा झाला, १९७९ साली नवा कायदा आला आणि पुष्कळ बांध सरकारच्या योजनेत गेले. तेव्हा पावसाळ्यापूर्वी बांधावरून एक फेरी मारा. उघाडीची दारे भरतीला घट्ट बसतात का पाहा. बांधाला भेग किंवा खेकड्यांची बिळे दिसली तर खारभूमी खात्याला अर्ज लिहा. अर्जात गावाचे नाव, जमिनीचा गट नंबर आणि तारीख घाला. एक प्रत आपल्याकडे ठेवा, तिच्यावर कचेरीचा शिक्का घ्या. हल्ली लिहायला शिकलात, तर हा अर्ज स्वतःच्या हाताने लिहा.

आणि त्या फेरीत बांधाच्या बाहेरच्या अंगाला, खाडीकडे, निळी फुले दिसली तर ती तशीच राहू द्या. तिथे ती हवीत. आतल्या अंगाला, शेतात, मारांडीचे एखादे रोप दिसले तर मात्र समजा, कुठून तरी खारे पाणी झिरपते आहे.