रेड सिग्नल झिंदाबाद!

विठ्ठलवाडी सुटलं आणि आमची लोकल कल्याणच्या तोंडाशी सिग्नलला उभी राहिली. अख्खा डबा वैतागला. मीही. एकटा माझा बदलापूरचा मित्र कूल!

‘‘अरे, धडकण्यापेक्षा थांबलेली बरी. माझी नोकरीच त्यावर चालते.’’

साहेब ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये स्टोरेज सांभाळतात. ठाण्याला गाडी बदलेपर्यंत त्याने मला सगळा फंडा समजावला.

टाकून द्या, चालतंय!

मंडळी, १९७३ साली झेरॉक्सच्या लॅबमध्ये जन्मलेलं इथरनेट तसं बिनधास्त. गर्दी झाली की स्विच पॅकेट सरळ टाकून देतो. तुमची मेल असेल तर टीसीपी ते पुन्हा पाठवतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण सर्व्हर एका कपाटात आणि डिस्क दुसऱ्या, तेव्हा? मधलं एक पॅकेट हरवलं, तर अख्खा व्यवहार तीसेक सेकंद ताटकळू शकतो. तोवर बँकेच्या काउंटरवर तुम्ही नुसतेच उभे!

म्हणून स्टोरेजसाठी फायबर चॅनेल हे वेगळं नेटवर्क असायचं. नियम एकच. ‘जागा आहे’ असा निरोप आल्याशिवाय पाठवायचंच नाही. पण दोन नेटवर्क म्हणजे डबल केबल, डबल खर्च. २००९ मध्ये फायबर चॅनेल इथरनेटवरूनच न्यायचं स्टँडर्ड आलं. त्यासाठी इथरनेटला शिस्त लावणं आलंच. त्यातलं पीएफसीचं स्टँडर्ड २०११ चं. ट्रॅफिकचे आठ वर्ग करायचे, आणि स्विच भरत आला की फक्त स्टोरेजच्या वर्गाला ‘थांब’ म्हणायचं. बाकीचे सुसाट!

फायबर चॅनेलची ही नवी गाडी फारशी धावली नाही. पण तीच शिस्त आज एआयच्या मोठमोठ्या क्लस्टरमध्ये कामाला येते.

थांब, पण किती?

यातही लोचा आहेच. बहिणीच्या हळदीच्या रात्री मित्राचा फोन वाजला. एका सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बिघडून सारखं ‘थांब, थांब’ ओरडत होतं. त्याच्यामागचा स्विच तुंबला, मग त्याच्या मागचा. डेटा एकही हरवला नाही, पण एकही हललाही नाही! हा हळदीच्या कपड्यांतच ऐरोलीला पळाला. मायक्रोसॉफ्टच्या इंजिनीअर्सनी २०१६ मध्ये अशाच वादळांबद्दल लिहिलं होतं.

२७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस आठवतेय? हजारेक प्रवासी आत आणि गाडी पुढेही नाही, मागेही नाही. तसंच काहीसं.

उपाय दोन. अति वेळ ‘थांब’ म्हणणाऱ्याचं ऐकणं बंद करणारा पहारेकरी नेमायचा. आणि गर्दी वाढतेय असं दिसताच पॅकेटवर खूण करायची, म्हणजे पाठवणारा आधीच वेग कमी करतो. रेड लागण्याआधीचा पिवळा सिग्नलच म्हणा ना!

‘‘मग हळद?’’ मी विचारलं.

‘‘सीडीवर बघितली,’’ तो हसला, पण जरा कमीच.

त्या रात्री कुणाचे तरी पैसे, कुणाचे तरी रिपोर्ट सुखरूप राहिले. त्यांना हे कधीच कळणार नाही. सिग्नल मिळाला, लोकल हलली. मी मात्र त्या दिवसापासून रेड सिग्नलला शिव्या देणं सोडलंय. तुम्ही?