पार्थिवाची परतवाट

उद्या अनंत चतुर्दशी. घरोघरी उत्तरपूजा होईल, गणरायाच्या हातावर दही ठेवले जाईल आणि 'पुढच्या वर्षी लवकर या' असे विनवून त्यास निरोप दिला जाईल. मूर्ती पार्थिव, म्हणजे पृथ्वीपासून घडलेली. जिथून आली तिथे तिने परतावे, हा विसर्जनाचा भावार्थ.

अर्थशास्त्रात या विचाराला 'चक्रीय अर्थव्यवस्था' म्हणतात. (पूर्वजांना सारे ठाऊक होते, असा डांगोरा पिटण्याचा आमचा हेतू नाही.) 1966 साली केनेथ बोल्डिंग यांनी पृथ्वीला अवकाशयानाची उपमा दिली : साठा मोजका, आणि कचरा टाकावयास बाहेर जागा नाही. 1976 साली वॉल्टर स्टाहेल आणि जेनेव्हिएव्ह रेडे यांनी युरोपीय आयोगास अहवाल दिला. वस्तू दुरुस्त करून दीर्घकाळ वापरली, तर इंधन वाचते आणि हातांना काम मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. वस्तू आहे त्या रूपात टिकवणे प्रथम, तिचे द्रव्य पुन्हा वापरणे त्यानंतर, असा हा क्रम आहे. मोडून दुसरेच काही करणे हा अखेरचा उपाय.

या क्रमाने पाहिले, तर पितळेची वा चांदीची मूर्ती वर्षानुवर्षे पूजणारी घरे सर्वांत पुढे ठरतात. प्लॅस्टरची मूर्ती सर्वांत मागे. ती पाण्यात सहजी विरघळत नाही. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत तिला मनाई केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ती विरघळवण्याची रीत दिली. त्यातून तळाशी चुन्याचा साका आणि वर अमोनियम सल्फेट हे खत मिळते. युक्ती उत्तम, तरी तो अखेरचाच उपाय.

आणि शाडू? येथे आपण फार लवकर निश्चिंत होतो. शाडूची माती आपल्याकडे बव्हंशी गुजरातेतून येते, खाणीतून निघते. नदीत सोडली की गाळात मिसळते आणि पुढील वर्षी नवी माती खणावी लागते. विरघळणे म्हणजे परतणे नव्हे. पुण्यात 'पुनरावर्तन' या उपक्रमात हीच माती गोळा करून मूर्तिकारांकडे पोचवली जाते.

एखाद्या भाविकाच्या मनात शंका येईल : देवाची माती अशी द्यावी काय? उत्तरपूजेनंतर मूर्ती जागची हलवतात, ती देवत्व मार्गस्थ झाल्याची खूण. मागे उरते ती मृत्तिकाच.

घरी बादलीत विसर्जन करावे. निर्माल्य, वस्त्र, दागिने आधी काढावेत. माती तळाशी बसली की वरचे पाणी हळूच ओतून टाकावे; रंग नैसर्गिक असतील तरच ते कुंडीला घालावे. माती उन्हात वाळवून कापडी पिशवीत बांधावी आणि मूर्तिकारास विचारून पोचवावी. प्लॅस्टर मात्र तीत मिसळू देऊ नये. तेवढ्याने मळलेला सारा गोळा वाया जातो.