चारशे छप्पन नावांची मतपत्रिका

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावच्या एका जागेसाठी ४५६ उमेदवार उभे होते. त्या वर्षी देशभरात मिळून १३,९५२ उमेदवार होते. म्हणजे देशातल्या दर तीस-एकतीस उमेदवारांमागे एक जण एकट्या बेळगावातला! लोकसभेच्या एका जागेसाठी यापेक्षा जास्त गर्दी त्या वेळी फक्त आंध्रातल्या नलगोंड्यात झाली. तिथे ४८० जण होते आणि त्यांची तक्रार फ्लोराइडने विषारी झालेल्या पाण्याची होती. बेळगावची तक्रार सीमेची होती.

आमचा जोयडा तालुका बेळगाव मतदारसंघात येत नाही. आमचं लोकसभेचं मत उत्तर कन्नड मतदारसंघात पडतं, विधानसभेचं हल्याळमध्ये. पण प्रश्न तोच. काळी नदीवरच्या धरणात जुनं सुपे बुडालं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, त्याआधीपासून कारवार, हल्याळ आणि सुपे ही नावं महाराष्ट्राच्या मागणीत आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि हा सगळा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून महाराष्ट्र एकीकरण समिती निवडणूक लढवते आहे. सरकार बनवण्याइतक्या जागा तिला कधीच लढवता येणार नव्हत्या. मुंबई-बंगळूरच्या पक्षांसमोर ती लहानच. तरी ती दरवेळी उभी राहते.

एरवी समितीची सगळी धडपड असते ती एकच उमेदवार देण्याची. मतं फुटली की संपलं, हे सीमाभागातलं पोरसुद्धा सांगेल. १९९६ ला नेमकं उलट केलं गेलं. जिंकायचं नव्हतंच, दिल्लीने वळून बघावं एवढंच हवं होतं. म्हणून मराठी माणसांनी अर्जांचा ढीग लावला.

आता त्या मतपत्रिकेचा विचार करा. तेव्हा मतदान कागदावर होतं. प्रत्येक नावाला अर्ध्या इंचाची पट्टी दिली तरी ४५६ नावांची उंची २२८ इंच होते, म्हणजे एकोणीस फूट. एवढा कागद कोणी उभा धरू शकत नाही, म्हणून मतपत्रिकेची पुस्तिका करावी लागली. शिवाय नुसतं नाव छापून भागत नाही, प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र चित्र लागतं. छत्री एकाला दिली की दुसऱ्याला देता येत नाही. मग कपबशी, शिट्टी, नारळ, शिलाई मशीन असं शोधत जायचं. आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत आजही सुमारे दोनशेच चित्रं आहेत. मतदाराने आत जायचं, पानं उलटत आपलं चित्र हुडकायचं, त्यावर शिक्का मारायचा आणि शाई दुसऱ्या चित्रावर उमटणार नाही अशी घडी घालायची. त्यानंतरची मोजणी तर वेगळीच. एकेक पत्रिका उघडून ४५६ पैकी कोणाच्या गठ्ठ्यात टाकायची ते ठरवायचं! या सगळ्या तयारीसाठी मतदानच पुढे ढकलावं लागलं. शेवटी जनता दलाचे शिवानंद कौजलगी निवडून आले.

मला यातली सर्वात विलक्षण गोष्ट वाटते ती किंमत. लोकसभेची अनामत रक्कम तेव्हा ५०० रुपये होती आणि १९५१ च्या कायद्यापासून ती बदललेली नव्हती. सगळ्यांचे पाचशे धरले तरी ४५६ जणांचे २,२८,००० रुपये होतात. तेवढ्यात एका छोट्या शहराने निवडणुकीची अख्खी यंत्रणा थांबवून दाखवली. त्याच साली तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभेला १,०३३ उमेदवार उभे राहिले. मग कायदा बदलला. ऑगस्ट १९९६ पासून लोकसभेची अनामत १०,००० रुपये झाली आणि अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले. २००९ नंतर ती रक्कम २५,००० आहे. तेच ४५६ जण आज उभे राहायचे म्हटले तर एक कोटी चौदा लाख रुपये भरावे लागतील.

अनामत परत मिळवायची तर एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडावी लागतात. हा आकडा किती कठोर आहे, ते बेळगावनेच दाखवलं. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी यांच्या निधनानंतर एप्रिल २०२१ मध्ये पोटनिवडणूक झाली. समितीचे शुभम शेळके यांना एक लाख सतरा हजारांवर मतं पडली. भाजपच्या मंगला अंगडी जिंकल्या त्या जेमतेम ५,२४० मतांनी. म्हणजे विजयाच्या फरकाच्या बावीसपट मतं शेळक्यांच्या पारड्यात होती, तरीही अनामत गेली. लाखभर माणसं एका नावापुढचं बटण दाबतात आणि कायद्याच्या हिशेबात तो उमेदवार 'किरकोळ' ठरतो. मला हा हिशेब पटत नाही.

आमच्या कर्नाटकात एकट्याने असं लढणारेही झाले. बंगळूरचे रंगस्वामी 'होट्टे पक्ष' म्हणजे पोटाचा पक्ष काढून पुनःपुन्हा उभे राहिले. त्यांच्या ८६ निवडणुकांची नोंद गिनीज बुकात झाली. जिंकली एकही नाही. तमिळनाडूतल्या मेट्टूरचे के. पद्मराजन १९८८ पासून दोनशेहून अधिक वेळा लढले आहेत.

समितीचं गणित त्यांच्यापेक्षा वेगळं, कारण ती जिंकलेलीही आहे. २०१३ ला बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील विधानसभेत गेले. २०१८ आणि २०२३ ला एकही जागा आली नाही. तरी २०२४ ला आमच्या उत्तर कन्नड मतदारसंघात समितीने निरंजन सरदेसाई यांना उभं केलं. भाजपचे विश्वेश्वर हेगडे कागेरी तीन लाखांहून जास्त मतांनी जिंकले.

आजच्या मतदान यंत्राला एका वेळी चोवीस युनिटं जोडता येतात. प्रत्येक युनिटावर सोळा बटणं, म्हणजे 'नोटा' धरून ३८४. बेळगावचे ४५६ त्यात आजही मावणार नाहीत. त्यांच्यासाठी पुन्हा कागदच काढावा लागेल. २०१९ ला बेळगावात ५७ उमेदवार होते, त्यांना चार युनिटं लागली. निजामाबादच्या हळद उत्पादकांनी त्याच निवडणुकीत उमेदवारांची संख्या १८५ वर नेली, तिथे बारा लागली.

१९९६ च्या निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल निवडणूक आयोगाने सर्वांसाठी खुला ठेवला आहे. त्यातली बेळगावची यादी एकदा पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचा. आपल्यापैकी अनेकांना त्यात ओळखीची आडनावं सापडतील.