यादीत नाव आहे का, यादीत?

विमानांच्या कसरती कुणाला आवडत नाहीत? पण त्या बघून बातमी लिहिणारे लोक आत कसे जातात, याचा विचार कधी केलाय? सांगते. आकाशातल्या लूपपेक्षा जमिनीवरचा कागदांचा लूप जास्त अवघड असतो!

१९ नोव्हेंबर २०२२ ला नागपूरच्या वायुसेना नगरात, हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडच्या मुख्यालयात 'एअर फेस्ट' झाला. सूर्यकिरणची हॉक विमानं, आकाशगंगाच्या पॅराशूट उड्या... एकदम सॉलिड लाइनअप. वडशाचा माझा एक मित्र तिथल्या बातम्या एका पेपरला पाठवतो. त्याला यायचंच होतं.

वडसा म्हणजे देसाईगंज. गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वेचं गाव आणि झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं माहेरघर. तिथे नाटक ठरवायचं तर फंडा सिंपल! कंपनीच्या ऑफिसात जा, चहा घ्या, तारीख पक्की करा. लष्करी तळावर असं चालत नाही. रस्ता जातो संरक्षण खात्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्यामार्फत, आणि ते ऑफिस नागपुरात. पेपरने आधीच नावं कळवायची, गेटवर यादी आणि ओळखपत्र जुळलं पाहिजे. जुळलं नाही, तर तुम्ही बाहेर. सुरक्षेचा मामला आहे, त्यात तक्रार नाही.

घोळ त्याआधीच होतो. माझा मित्र स्ट्रिंगर. पगारपत्रकावर नाव नाही, सरकारी अधिस्वीकृती पत्रिका नाही. पेपरच्या शहरातल्या ऑफिसने आपला रिपोर्टर आणि आपला फोटोग्राफर अशी दोन नावं पाठवली आणि विषय संपला. याने फोन केला तेव्हा यादी गेली होती. "भाऊ, पुढच्या वेळी बघू," एवढंच उत्तर.

तुम्ही म्हणाल, एक शो हुकला, त्यात काय एवढं?

गडचिरोलीत हेलिकॉप्टर म्हणजे टाइमपास नाही. निवडणुकीत दुर्गम केंद्रांवर कर्मचारी आणि मतदानयंत्रं त्यानेच जातात. चकमकीत जखमी झालेला जवान त्यानेच नागपूरच्या दवाखान्यात पोचतो. मित्राने अशा बातम्या कैक वर्षं दिल्यात. त्याला विचारायचं होतं: जंगलातल्या हेलिपॅडवर अंधारात उतरताना पायलटला खालच्या माणसांकडून काय हवं असतं? दुसऱ्या दिवशी त्याच्या पेपरात काय होतं? 'चित्तथरारक कसरती'. चूक काहीच नाही. फक्त तो प्रश्न कुणी विचारलाच नाही.

अमेरिकेच्या हवाई दलाची 'विल्यम टेल' नावाची स्पर्धा आहे. १९५४ ला सुरू झालेली, २००४ नंतर थांबलेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जॉर्जियातल्या सवाना इथे पुन्हा भरलेली. तिथे नुसते पायलट भिडत नाहीत. विमानावर शस्त्रं चढवणाऱ्या आणि देखभाल करणाऱ्या टीमही स्पर्धेत असतात. म्हणजे स्टोरी जमिनीवरही असते! मेंटेनन्स कमांडच्या नागपुरात तर हे वेगळं सांगायला नको. पण प्रेसच्या जागेवर बसून फक्त आकाश दिसतं. खालच्या माणसांना भेटायचं तर आधी लिहून मागावं लागतं.

म्हणून तालुक्यातल्या दोस्तांना माझा सल्ला: कार्यक्रमाची कुणकुण लागताच संपादकांकडून पत्र घ्या. त्यात नुसतं 'कव्हरेज' लिहू नका. कुणाला भेटायचंय, काय विचारायचंय, तेही लिहा. ओळखपत्रावरचं नाव आणि यादीतलं नाव अक्षरन् अक्षर सारखं ठेवा. आणि शो सकाळचा असेल तर आदल्या दिवशीच नागपूर गाठा. ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत येणारी एसटी गेटची वेळ बघून धावत नाही.

आणि तुमच्यापैकी जे शहरातल्या डेस्कवर किंवा पीआरमध्ये आहेत, त्यांना एकच विनंती. यादीचा मेल 'सेंड' करण्याआधी तालुक्याला एक फोन करा. दोन मिनिटं लागतात हो!