लाल पाण्याला कुत्रं भीत नाही

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत फाटकापाशी, फुलझाडांच्या वाफ्याच्या कडेला, लाल पाण्याच्या बाटल्या रांगेत उभ्या दिसतात. पुढच्या गल्लीत त्याच बाटल्यांत नीळ कालवलेली असते, आणखी कुठे पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी. ‘बाटल्या ठेवा, कुत्रं वाफ्यात पाऊल टाकणार नाही,’ असं सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी छातीठोकपणे सांगतं आणि माळीकाका दुसऱ्या दिवशी बाटल्या गोळा करायला लागतात. का टाकणार नाही, असं विचारून पाहा. लाल रंग रक्तासारखा दिसतो म्हणून. निळा रंग डोळ्यांत खुपतो म्हणून. पाण्यात स्वतःचंच रूप दिसतं म्हणून. उत्तरं तीन, आणि तिन्ही चुकीची.

आधी लाल रंगाचं पाहू. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नाइट्झ, गाइस्ट आणि जेकब्स या संशोधकांनी कुत्र्यांना रंगीत प्रकाशाच्या तीन चौकटींतून वेगळी चौकट ओळखायला शिकवलं. बरोबर ओळखली की खाऊ. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या. त्याला निळा आणि पिवळा रंग वेगळे कळतात. लाल आणि हिरव्यात मात्र गोंधळ होतो. तुमची ती लालभडक बाटली त्याला मळकट, काळपट दिसते. जो रंग धड दिसतच नाही, त्याला रक्त समजून कुत्रं भिणार कसं? आणि खऱ्या रक्ताला तरी कुत्रं कधी भ्यालंय? मटणाच्या दुकानाबाहेर जाऊन बघा.

निळा त्याला चांगला दिसतो, हे खरं. पण दिसणं म्हणजे खुपणं नव्हे. रस्त्यावरचं कुत्रं निळ्या ताडपत्रीखाली, निळ्या पिंपाच्या आडोशाला सुखाने झोपतं. राहिलं प्रतिबिंब. दिवसभर चकचकीत गाड्यांच्या मधून फिरणाऱ्या, पावसाच्या डबक्यातलं पाणी पिणाऱ्या प्राण्याला बाटलीतल्या चमकेचं काय अप्रूप? शिवाय वाफे बरेचदा रात्री आणि पहाटे उकरले जातात, तेव्हा चमकायला ऊन नसतं.

‘पण आमच्याकडे बाटल्या ठेवल्यापासून कुत्रं फिरकलेलं नाही!’ हे वाक्य ठरलेलं. काही कुत्री अनोळखी वस्तू दिसली की दोन-चार दिवस बिचकतात. ती वस्तू बाटली असो, उलटी बादली असो की जुनी खुर्ची. ती काही करत नाही हे कळलं की सरावतात. कधी टोळीच हद्द बदलते, कधी शेजारी खाऊ घालणाऱ्यांची जागा बदलते. श्रेय मात्र बाटलीला. उलट नर कुत्रा खूण करायला उभी वस्तू शोधतो. वाफ्याच्या कडेला हारीने मांडलेल्या बाटल्या म्हणजे त्याच्यासाठी तयार खांबच. बाटलीवरचा वाळलेला पिवळट ओघळ एकदा जवळून पाहा.

हा भाबडेपणा फक्त आपला नाही. जपानमध्ये मांजरं पळवून लावायला साध्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात. उन्हाचे किरण अशा बाटलीतून एकवटून आग लागू शकते, असा इशारा तिथली अग्निशमन दलं देतात. आपल्याकडचा धोका वेगळा. बाटलीचं झाकण हरवलं, पाणी साचून राहिलं, की डेंग्यूच्या डासांची सोय झाली. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

आता बाकीचे गैरसमज, एकेका ओळीत.

लाल तिखट पसरा: एका पाण्यात वाहून जातं, तोवर प्राण्याच्या आणि मुलांच्याही डोळ्या-नाकाची आग करतं.

डांबराच्या गोळ्या टाका: त्यातलं नॅप्थलिन विषारी आहे, कुत्र्याला आणि गोळी तोंडात घालणाऱ्या पोरालाही.

कण्हेर लावा, कुत्रं जवळ येत नाही: येतं. कण्हेर विषारी आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

कुत्र्याचा मूत म्हणजे फुकटचं खत: एकाच जागी एवढा नत्र आणि क्षार पडले की गवत आणि कोवळी रोपं करपतात, लगेच भरपूर पाणी ओता.

काहीतरी ‘घालून’ कायमचं मिटवा: हा गुन्हा आहे. प्राण्याला विष घालून मारल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग करायचं काय? कुत्रं वाफ्यात का येतं ते आधी समजून घ्या. भुसभुशीत, ओली माती थंड असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, म्हणून उन्हाळ्यात ते वरची तापलेली माती उकरून खाली पोट टेकतं. दुसरं आमिष आपणच घालतो: बोनमील, मासळीखत, पेंड. हाडांच्या चुऱ्याचा वास आल्यावर त्याने उकरायचं नाही तर काय करायचं? एरंडीची पेंड तर मुळीच उघडी ठेवू नका. ती खाऊन कुत्री दगावतात.

म्हणून उपाय मातीवर करायचा. खत खोल गाडा. मातीवर कोंबड्यांची जाळी आडवी अंथरून टोकं दगडांनी दाबा. रोपं छिद्रांतून वर येतात, पंजा मात्र अडतो. जाळी नको असेल तर विटांचे मोठे तुकडे पसरा किंवा गुलाबाच्या, बोगनवेलीच्या छाटलेल्या फांद्या अंथरा. झाडं दाट लावा, उघडी माती ठेवूच नका. आणि सावलीत रेतीचा एखादा ढीग व पाण्याचं भांडं ठेवा. थंड जागा मिळाली की वाफ्याची ओढ कमी होते.

तरी बाटलीवर श्रद्धा असेल तर एक करा. अर्ध्या वाफ्याला बाटल्या लावा, अर्ध्यावर जाळी अंथरा. रोज संध्याकाळी कडेची माती हाताने सपाट करा आणि सकाळी पंजांचे ठसे मोजा. पंधरा दिवसांनी बाजू बदला. मग सोसायटीच्या बैठकीत बोला, आणि बाटल्या रिकाम्या करून भंगारवाल्याला द्या.